मातीच्या कार्डावरचा तेरावा रकाना

पाटीवरची पेन्सिल खाणारी मुलगी सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाला नवी नाही. सोबत आलेली आई काळजीने विचारते, "डॉक्टर, हिच्या अंगातलं कॅल्शियम कमी झालंय का? सारखी पेन्सिल, खडू, नाहीतर भिंतीचा पोपडा खाते." घरच्यांचा तर्क सरळ असतो. ज्या वस्तूची ओढ लागली, तीच वस्तू शरीरात कमी पडली असणार. रक्ताचा अहवाल बहुधा वेगळेच सांगतो. कमी पडलेले असते ते लोह. माती, खडू, पेन्सिल, कच्चे तांदूळ असे अखाद्य खाण्याची ओढ हे लोहाच्या कमतरतेचे जुने, ओळखीचे लक्षण आहे. त्यात दुर्दैव असे की, पोटात गेलेला खडू अन्नातले उरलेसुरले लोह शोषण्यात आणखी अडथळा आणतो.

हाच खेळ त्या मुलीच्या गावाच्या शिवारातही चाललेला असतो. तिथल्या मातीत कॅल्शियम मुबलक असते, आणि त्याच्याच दडपणाखाली लोह आणि जस्त अडकून पडतात. मोसंबीची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ऊस आणि भुईमुगावर ‘केवडा’ पडतो. माळावर चरणारी गाय हाडे, चिंध्या चघळत बसते. पशुवैद्यक तिला स्फुरद कमी पडल्याचे सांगतात, आणि स्फुरदही त्याच चुन्याने बांधून ठेवलेले असू शकते. झाड, जनावर आणि माणूस या तिघांच्या तक्रारी तीन वेगवेगळ्या खात्यांच्या कागदांवर नोंदल्या जातात. तिघांच्या पायाखालची चुनखडीची जमीन मात्र एकच असते, आणि तिची नोंद फार थोड्या कागदांवर होते.

एकच दगड, दोन जमिनी

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा जवळजवळ सगळा भूभाग बेसॉल्ट या काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले, तेच हे कातळ. वेरूळ आणि अजिंठ्याची लेणी याच दगडात कोरलेली आहेत. या दगडातल्या खनिजांमध्ये कॅल्शियम भरपूर असते. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, पाणी किंचित आम्लधर्मी होते आणि दगड हळूहळू झिजवते. सुटलेले कॅल्शियम पाण्याबरोबर खाली झिरपू लागते.

पुढे काय होणार, हे पाऊस ठरवतो. महाबळेश्वरला आणि कोकणात पाऊस इतका पडतो की, हे कॅल्शियम धुऊन नदीनाल्यांतून वाहून जाते. मागे उरते लोहाने लाल झालेली आम्लधर्मी जमीन आणि जांभा दगड. मराठवाड्यात पाऊस त्या मानाने फारच थोडा आणि तोही अधूनमधून. पाणी हात-दोन हात खोल जाते न जाते तोच ऊन तापते, मुळे ओल शोषून घेतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि विरघळलेला चुना तिथेच पांढरा साका होऊन बसतो. बंबात किंवा गिझरच्या कॉइलवर जमणारा पांढरा थर आणि शेतातली चुनखड यांची जात एकच. फरक इतकाच की, बंबात तो थर महिन्यांत बसतो आणि जमिनीत हजारो वर्षांत. कधी तो पिठासारखा मातीत मिसळलेला असतो, कधी हरभऱ्याएवढे खडे होतात, कधी सलग कडक थर तयार होतो.

वैजापूर, गंगापूरच्या कोरड्या पट्ट्यात किंवा खुलताबाद, कन्नड, सिल्लोडच्या डोंगरउतारांवर हा थर उघडा पडण्याचे आणखी एक कारण आहे. गायरान आणि माळ हे गावाचे चराईचे रान. पवन्या, मारवेल, कुसळ यांसारख्या गवतांनी तिथली माती धरून ठेवलेली असते. चराई प्रमाणाबाहेर झाली आणि गवताचे ठोंब उपटले गेले, की दोन-चार वळवाच्या सरींत वरची सुपीक काळी माती ओघळून जाते आणि खालचा मुरूम व चुनखड वर येते. मग तिथे गवत नीट रुजत नाही, म्हणून माती आणखी वाहते. मराठवाड्यातली जुनी माणसे शेताला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणत. काळी पिकवायची आणि पांढरीत राहायचे. आज अनेक माळांवर ही वाटणी पुसली गेली आहे. पिकवायची जमीनच पांढरी पडते आहे.

यात विहीर-बोअरच्या पाण्याचीही भर पडते. हे पाणी स्वतःच कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन येते. उन्हाळ्यात बागेला सतत तेच पाणी दिले, की प्रत्येक पाळीबरोबर थोडा चुना जमिनीत उतरतो. कॅल्शियम असे साक्याच्या रूपात बाहेर पडत गेले, की मातीच्या कणांवर सोडियमचा वाटा वाढतो. माती घट्ट होते, पाण्याचा निचरा थांबतो, जमीन चोपण होऊ लागते. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेतील शास्त्रज्ञांनी काळ्या जमिनींवर केलेल्या कामातून हा क्रम स्पष्ट केला आहे.

गोठवलेले खाते

चुनखडीची जमीन म्हणजे निकृष्ट जमीन, असे म्हणणे चूक ठरेल. योग्य प्रमाणातले कॅल्शियम मातीचे कण रवाळ ठेवते, आणि याच जमिनींनी मराठवाड्याला शतकानुशतके ज्वारी-बाजरी दिली आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे. मुक्त चुना वाढला की जमिनीचा सामू ८ च्या वर जातो आणि तिथेच ठाण मांडतो. सामू एका अंकाने वाढला की मातीतल्या पाण्यात विरघळणारे जस्त सुमारे शंभर पटींनी घटते. लोहाचे तर हजार पटींनी. बेसॉल्टपासून बनलेल्या मातीत लोह भरपूर असते, पण पिकाला ते मिळत नाही. बँकेत पैसे आहेत आणि खाते गोठवलेले आहे, अशी ती अवस्था असते.

म्हणूनच या जमिनीत ‘टाकले’ आणि ‘मिळाले’ यांत मोठे अंतर पडते. स्फुरदाचे खत दिले तरी त्याचा बराचसा भाग चुन्याशी बांधला जातो. युरिया वर नुसताच फेकला तर त्यातले नत्र अमोनिया होऊन हवेत उडते. जस्त आणि लोहाचे सल्फेट कोरडे पसरले तर तेही काही काळात निष्क्रिय होते.

डॉक्टरांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. गरोदर महिलेला लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नका, दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवा, असे प्रत्येक आरोग्य केंद्रात सांगितले जाते. कॅल्शियम आतड्यात लोहाची वाट अडवते, म्हणून हा सल्ला. रसायन वेगळे असले तरी अनुभव तोच. एकाची रेलचेल दुसऱ्याच्या उपासमारीला कारण ठरते.

मातीपासून भाकरीपर्यंत

मातीतले हे अडसर माणसाच्या रक्तापर्यंत पोहोचतात का? इथे सावधपणे बोलायला हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिला आणि पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. एवढ्या मोठ्या प्रश्नाचे खापर मातीवर फोडता येणार नाही. मासिक पाळीतला रक्तस्राव, लवकर लग्न आणि लागोपाठची बाळंतपणे, जंत, जेवणाला लागून घेतलेला चहा, ताटातली डाळ-भाजीची वानवा ही कारणे जास्त ठळक आहेत. धान्यातल्या लोहावर मातीपेक्षा वाणाचा आणि शरीरातल्या शोषणाचा प्रभाव मोठा असतो.

जस्ताचे मात्र तसे नाही. मातीत उपलब्ध जस्त कमी, तर धान्यात जस्त कमी, हे नाते बरेच पक्के आहे. जस्ताची उणीव हिमोग्लोबिनसारखी एका थेंबात मोजता येत नाही, म्हणून ती दुर्लक्षित राहते. मुलाची उंची खुंटते, जखम लवकर भरत नाही, हगवण वारंवार होते, तोंडाची चव जाते. यातले कोणतेही लक्षण ‘मी जस्ताचे आहे’ असे सांगत येत नाही. केंद्र सरकारच्या २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या सुमारे ३२ टक्के मुलामुलींमध्ये जस्त कमी आढळले. शाळेत जाणारी, बाहेरून धडधाकट दिसणारी ही मुले आहेत.

माणसाला जस्त कमी पडू शकते, हे जगाला कळले तेच मुळी अशा एका कोरड्या मुलखात. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद इराणमधील शिराझ येथे काम करत असताना त्यांच्यासमोर एकवीस वर्षांचा एक तरुण आला. दिसायला तो दहा वर्षांच्या पोरासारखा होता. खाणे म्हणजे बिनखमिराची रोटी, आणि सोबत माती खाण्याची सवय. १९६१ मध्ये त्यांनी अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे इजिप्तमधील अभ्यासातून जस्ताची कमतरता सिद्ध झाली. धान्याच्या कोंड्यातले फायटेट जस्त आणि लोह दोन्ही बांधून ठेवते. भाकरीवरच पोट भरणाऱ्या माणसाला म्हणून दुहेरी मार बसतो. धान्यात मुळात कमी, आणि त्यातलेही अंगी लागत नाही.

तुर्कस्तानच्या मध्य अनातोलियातही पाऊस कमी आणि जमीन चुनखडीची. १९९० च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, जस्त दिल्यावर गव्हाचे उत्पादन वाढते आणि दाण्यातले जस्तही. त्यानंतर तिथल्या कारखान्यांनी नेहमीच्या मिश्रखतातच जस्त मिसळायला सुरुवात केली आणि काही वर्षांत अशा खताचा वापर लाखो टनांवर गेला. फिनलंडने १९८४ पासून देशभरच्या खतात सेलेनियम मिसळले, ते तर पिकासाठी नव्हतेच. ते माणसांच्या आरोग्यासाठी होते. खताच्या गोणीकडे आरोग्याचे साधन म्हणून पाहता येते, हे या देशांनी कृतीतून सिद्ध केले.

निदानाशिवाय उपचार

भारतात १९ फेब्रुवारी २०१५ रोजी मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. पत्रिकेवर १२ घटक असतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. योजना चांगली आहे, पण या बारा रकान्यांत मुक्त चुन्याचा रकाना नाही. फळबागेसाठी वेगळी मागणी केली तर प्रयोगशाळा ही तपासणी करून देतात. कोरडवाहू ज्वारी-बाजरीचा शेतकरी ती मागत नाही, कारण ती मागायची असते हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

यात बिघडते काय, हे वैद्यकाच्या उदाहरणाने सांगता येईल. ‘हिमोग्लोबिन ८’ हा आकडा आहे, निदान नव्हे. कारण जंत आहेत, रक्तस्राव आहे की शोषणाचा दोष, हे न पाहता सगळ्यांना एकच गोळी दिली तर काही बरे होतात, काही तसेच राहतात आणि दोष गोळीला दिला जातो. ‘जस्त कमी’ हाही नुसता आकडाच आहे. मुक्त चुना कमी असलेल्या शेतात जमिनीतून दिलेले झिंक सल्फेट चांगले लागू पडते. चुना दहा टक्क्यांच्या वर असेल तर तेच सल्फेट शेणखतात मुरवून द्यावे लागते किंवा पानांवर फवारावे लागते. गव्हावर अनेक देशांत झालेल्या प्रयोगांत तर असे दिसले आहे की, दाणे भरण्याच्या काळातल्या फवारणीने धान्यातले जस्त स्पष्टपणे वाढते. चुन्याचा आकडा नसेल तर ही निवड करताच येत नाही. पाचोड-पैठण पट्ट्यात मोसंबी लावून पाच-सात वर्षांनी पिवळी पडलेली बाग तोडणाऱ्या शेतकऱ्याला हा आकडा खड्डे खणण्याआधी मिळायला हवा होता.

आणि ही तपासणी काही महागडी नाही. सौम्य आम्लाचे थेंब टाकल्यावर माती फसफसली की चुना आहे, हे जागेवरच कळते. नेमके प्रमाण काढण्यासाठी लागणारी रसायने कोणत्याही माती प्रयोगशाळेत असतात. किमान मराठवाड्यासारख्या कोरड्या विभागासाठी पत्रिकेवर तेरावा रकाना छापणे ही काही अवघड मागणी नाही. धरणातला गाळ शेतात टाकण्याची मोहीम राबवतानाही हीच तपासणी आधी व्हायला हवी. गाळ काळा दिसतो म्हणून सुपीकच असतो असे नाही. डोंगरउतारावरून चुनखडही त्यातच वाहून आलेली असू शकते.

दुसरी गोष्ट बियाण्याची. जास्त लोह-जस्ताचे वाण शोधायला मराठवाड्याला दूर जावे लागत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘एएचबी १२०० एफई’ आणि ‘एएचबी १२६९ एफई’ ही बाजरीची संकरित वाणे दिली. नावातला ‘ए’ औरंगाबादचा. २०१८ मध्ये प्रसारित झालेल्या यातल्या पहिल्या वाणात किलोमागे ७३ मिलिग्रॅम लोह आहे. प्रचलित वाणांत ते ४५ ते ५० असते. ज्वारीत ‘परभणी शक्ती’ हे वाण आहे. अशा बाजरीचा उपयोग होतो का, याचे उत्तर शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून मिळाले आहे. तिथल्या वसतिगृहांतील किशोरवयीन मुलांना सहा महिने लोहसमृद्ध बाजरीची भाकरी देण्यात आली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत, सुरुवातीला लोह कमी असलेल्या मुलांपैकी ही बाजरी खाणाऱ्यांमध्ये कमतरता दूर होण्याची शक्यता साध्या बाजरीच्या तुलनेत ६४ टक्क्यांनी अधिक दिसली. त्या भाकरीसाठी मुलांना नवे काही खायला शिकावे लागले नाही. मग अंगणवाडी, आश्रमशाळा आणि शालेय पोषण आहारासाठी धान्य खरेदी करताना वाण का विचारला जात नाही? खरेदीची हमी नसेल तर शेतकरी वेगळे बियाणे का पेरील?

यावर एक आक्षेप रास्त आहे. लोहाची गोळी स्वस्त आहे आणि लवकर गुण देते, मग माती-बियाण्याचा लांबचा फेरा कशाला? गोळी हवीच. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन सहावर आले आहे, तिला सुपीक जमिनीची वाट पाहायला सांगणे हा गुन्हा ठरेल. परंतु गोळ्यांचे वाटप थांबले, की दोन-तीन वर्षांत तीच मुलगी गरोदर होऊन पुन्हा त्याच आकड्यावर येते, हे सरकारी रुग्णालयांत रोज दिसते. गोळी आजचा खड्डा भरते. उद्याचा खड्डा पडू नये यासाठी रोजच्या भाकरीत काही असावे लागते. ही दोन्ही कामे एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत.

चुन्याची नाहक बदनामी

चुनखडीबद्दल एक भीती मात्र मनातून काढायला हवी. ‘आमच्याकडचे पाणी जड आहे, म्हणून घरोघर मुतखडा’ हे वाक्य मराठवाड्यात सर्रास ऐकू येते. मुतखड्याचे मुख्य कारण आहे उन्हातान्हात कमी पाणी पिणे. त्यात जास्त मिठाची भर पडते. आहारातले कॅल्शियम उलट आतड्यातच ऑक्झलेटला बांधून बाहेर नेते, त्यामुळे दूध-ताक बंद केल्याने खडे कमी न होता वाढू शकतात. पाणी जड आहे म्हणून ते कमी पिणारा माणूस स्वतःच खड्याला आमंत्रण देत असतो.

घरात करता येण्याजोग्या गोष्टी जुन्याच आहेत. ज्वारी-बाजरीच्या पिठाची आंबील, मोड आलेली मटकी आणि मूग यांत फायटेट कमी होते. पालेभाजीवर किंवा वरणावर लिंबू पिळले तर लोह अधिक शोषले जाते. चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा. अंडी, मांस ज्यांना चालते त्यांना जस्त त्यातून सहज मिळते, इतरांना हरभरा, तीळ, शेंगदाणे यांतून काही प्रमाणात. मुलाला हगवण लागली तर क्षारसंजीवनीबरोबर मिळणारी जस्ताची गोळी हगवण थांबल्यावरही पूर्ण १४ दिवस द्यावी. तिसऱ्या दिवशी पोर खेळायला लागले की उरलेली पट्टी फडताळात जाते, आणि नेमके तेच जस्त पुढच्या आजारपणात कमी पडते.

शेतातही जुने शहाणपण कामाला येते. गवताच्या कुळातील पिके मुळांतून असे पदार्थ सोडतात, जे अडकलेले लोह सोडवून घेतात. कोणते पीक कमी सोडते, कोणते अधिक. चुनखडीच्या जमिनीत भुईमुगाशेजारी मका लावला तर भुईमुगाचा पिवळेपणा कमी होतो, असे प्रयोगांत दिसले आहे. मिश्रपिकाची पद्धत मोडून एकाच पिकाची सलग शेती सुरू झाली, तेव्हा हा शेजारधर्मही गेला. शेणखत, ताग-धैंच्याचे हिरवळीचे खत आणि माळावरचे गवत राखणे हे उपाय चुना नाहीसा करत नाहीत, पण त्याची पकड सैल करतात.

कृषी विभागाकडे तालुक्याच्या मातीचे आकडे आहेत. आरोग्य विभागाकडे त्याच तालुक्यातील मुलांच्या उंचीचे, वजनाचे आणि हिमोग्लोबिनचे आकडे आहेत. हे दोन नकाशे एका टेबलावर, एकावर एक ठेवून पाहण्यासाठी ना नवी योजना लागते ना मोठा निधी. जिल्हाधिकारी कार्यालयातली एक बैठक पुरते. चुनखडीचा पट्टा आणि खुंटलेल्या वाढीचा पट्टा कुठे जुळतो, कुठे जुळत नाही, हे एकदा दिसले की झिंक सल्फेट आधी कोणत्या मंडळात पोहोचवायचे आणि लोहसमृद्ध बाजरी आधी कोणत्या अंगणवाडीत शिजवायची, हे ठरवता येईल. आणि नकाशे जुळले नाहीत तर मातीचा दोष नाही एवढे तरी कळेल, कारण दुसरीकडे शोधता येईल.

तोवर बाह्यरुग्ण विभागात पेन्सिल खाणाऱ्या मुली येत राहतील. त्यांच्या आयांना सांगावे लागेल की, बाई, हिला कॅल्शियम कमी नाही. ते तर तुमच्या शेतात खड्यांनी पडले आहे. कमी आहे ते त्याच्याखाली दबलेले लोह.